‘विराट’ मुंबईला आलीच नसती तर?

आपल्यापैकी अनेकांनी मुंबईच्या बंदरात ‘विराट’ पाहिली असेल. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हीच विमानवाहू नौका, तेव्हाची ‘हर्मिस’, ब्रिटिश ताफ्याच्या अग्रस्थानी होती. बेटांवरची धावपट्टी लढाऊ जेट विमानांना अपुरी. म्हणून अर्जेंटिनाची विमाने मायभूमीवरून उडत. रिओ ग्रांदेच्या तळापासून अंतर सुमारे ७०० किलोमीटर, दुबई-मस्कतच्या जवळजवळ दुप्पट! मिराजना हवेत इंधन भरण्याची सोय नव्हती, त्यामुळे बेटांवर लढायला मोजकीच मिनिटे उरत. ती सोय असती तर ‘हर्मिस’ला आणखी पूर्वेला सरकावे लागले असते, आणि तिच्या हॅरियर विमानांचा पहारा तोकडा पडला असता. कदाचित ती बुडालीही असती. मग १९८७ ते २०१७ अशी तीस वर्षे आपल्या नौदलाने मिरवलेली ‘विराट’ कुठून आली असती?