खिशातली हजार गाणी आणि माळ्यावरच्या कॅसेटी

गिऱ्हाइकाला वस्तू विकण्यापूर्वी ती कोणत्या मापाने मोजायची, हे जाहिरात त्याला शिकवीत असते. एकदा माप पटले की वस्तू आपोआप खपते. अ‍ॅपल कंपनीने २३ ऑक्टोबर २००१ रोजी ‘आयपॉड’ जगापुढे मांडला, तेव्हा पाच गिगाबाइट हा आकडा सामान्य माणसाला उमगणार नाही, हे तिने नेमके ओळखले होते. म्हणून ‘खिशात हजार गाणी’ अशा सोप्या शब्दांत ते माप सांगण्यात आले. तेव्हापासून संगीताची यंत्रे गाण्यांच्या संख्येवर विकली जाऊ लागली. ती गाणी कोणाची आणि किती काळ टिकणारी, हे दोन प्रश्न मात्र जाहिरातीच्या चौकटीबाहेरच राहिले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना आज त्याच प्रश्नांची उत्तरे शोधणे भाग आहे.

स्पर्धेतील यंत्रांचे आयुष्य

या स्पर्धेचा इतिहास जेमतेम पाव शतकाचा आहे. १९९८ साली कोरियातील एका कंपनीचे ‘एमपीमॅन’ हे यंत्र आले. त्याच्या ३२ मेगाबाइटांत तासाभराचे संगीतही कसेबसे मावे. पुढे क्रिएटिव्ह, सोनी, मायक्रोसॉफ्ट अशा बलाढ्य कंपन्या रिंगणात उतरल्या. कोणी बॅटरीच्या तासांची ग्वाही दिली, कोणी यंत्राच्या सडपातळपणाची. रंगीत पार्श्वभूमीवर नाचणाऱ्या काळ्या आकृती आणि त्यांच्या कानांतून लोंबणाऱ्या पांढऱ्या तारा, ही आयपॉडची २००३ सालची जाहिरात तर एका पिढीची खूण होऊन बसली. मायक्रोसॉफ्टचे ‘झून’ २००६ मध्ये आले आणि २०११ मध्ये त्याची यंत्रे बंद झाली. विजयी ठरलेल्या आयपॉडचीही अखेर २०२२ साली झाली.

या चुरशीत गिऱ्हाइकाच्या हिताचा विचार कितपत झाला, हे एका गोष्टीवरून ध्यानी येते. अ‍ॅपलच्या दुकानातून दाम मोजून घेतलेल्या गाण्यांना २००९ पर्यंत असे कुलूप होते, की ती दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर वाजत नसत. मायक्रोसॉफ्टने तर इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठी स्वतःच पुरस्कारिलेल्या कुलपाची गाणी आपल्या झूनवर चालू दिली नाहीत. यंत्र मोडीत निघाले, की संग्रहही अडचणीत येणार, ही व्यवस्था त्या धंद्याच्या घडणीतच होती.

कृष्णाकाठची वेगळी बाजारपेठ

आयपॉडची पहिली किंमत ३९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १९ हजार रुपये होती. कृष्णा-कोयनेच्या काठावरील शेतकऱ्याच्या वा साखर कारखान्यातील कामगाराच्या दृष्टीने ही लढाई दूरदेशीची होती. इकडे गाणी पोचली ती वेगळ्याच वाटेने. मोठ्या आवाजाचे स्वस्त चिनी मोबाइल आणि नखाएवढे मेमरी कार्ड हीच येथली संगीतयंत्रे ठरली. दोन गिगाबाइटांच्या कार्डात साधारण पाचशे गाणी मावत. बसस्थानकाजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी हाताने लिहिलेली पाटी लागे, आणि हीच काय ती त्या धंद्याची जाहिरात. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे आणि उसाच्या ट्रॅक्टरवर रात्रभर वाजत राही.

हा व्यवहार कायद्याला धरून नव्हता आणि कलावंताच्या हाती त्यातून दमडीही पडत नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तथापि, त्या टपरीवाल्यापाशी एक जाण होती. आपल्या गिऱ्हाइकाला काय हवे, हे त्याला ठाऊक असे. चित्रपटगीतांबरोबर तमाशातले वग, भारुडे, धनगरी ओव्या, खंडोबाची गाणी हेही तो कार्डात भरून देई. हा ऐवज त्याच्याकडे मुख्यतः जुन्या कॅसेटींवरून आलेला होता. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा बड्या ध्वनिमुद्रण कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लहान व्यावसायिकांनी तिने कधी विचारात न घेतलेले गावोगावचे आवाज मुद्रित केले.

हा प्रदेश अशा आवाजांचे माहेरघर आहे. पठ्ठे बापूराव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळू ही जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. ज्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, त्या अब्दुल करीम खाँ यांचे गायन ध्वनिमुद्रिकांवर उतरले, पुढे एलपी, कॅसेट, सीडी असा प्रवास करीत ते आजच्या यंत्रांपर्यंत सुखरूप पोचले. हे भाग्य रात्रभर रंगलेल्या वगाच्या वाट्याला येईलच, अशी शाश्वती नाही.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि कार्ड भरून देणाऱ्या टपरीचे दिवस संपले. २०१७ साली ‘सारेगामा’ या कंपनीने ‘कारवाँ’ हे पाच हजार जुन्या गाण्यांचे यंत्र आणले. मुलांनी आईवडिलांना भेट द्यावी, असा त्याच्या जाहिरातींचा जिव्हाळ्याचा सूर होता. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. ही कंपनी म्हणजेच पूर्वीची ग्रामोफोन कंपनी. आपल्या कोठारात जे आहे तेच ती विकणार, त्याबद्दल तिला दोष देता येत नाही. परंतु कोठारात ज्याची नोंद नाही, ते जणू कधी गायिलेच गेले नव्हते, असा समज पुढच्या पिढीचा होऊ शकतो. खरा धोका आहे तो हाच.

काळाशी शर्यत

चुंबकीय फितीचे आयुष्य काही दशकांचे असते. दमट हवेत तिला बुरशी धरते आणि तिचा लेप सुटू लागतो. मेमरी कार्डही वर्षानुवर्षे पडून राहिले, तर त्यातला विद्युतभार ओसरून मजकूर पुसला जाऊ शकतो. त्यात कृष्णेच्या पुराची भर. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजून नष्ट झाले. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत नदीकाठच्या घरांतून चिखलाबरोबर किती कॅसेटी उकिरड्यावर गेल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

उपाय कायद्यातच आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या मुद्रिकांवरील तो हक्क केव्हाच संपला आहे. कॅसेटींवरील हक्क अद्याप शाबूत असला, तरी २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याकडे असलेल्या मूळ प्रतीची जतनासाठी अंकीय नक्कल ठेवण्याची मुभा दिली आहे. त्यासाठी मूळ कॅसेट ग्रंथालयाच्या संग्रहात असली पाहिजे, एवढीच मुख्य अट आहे.

तेव्हा सातारा व सांगली येथील वाचनालयांनी घरोघरच्या माळ्यांवरील कॅसेटी देणगी म्हणून मागवाव्यात. कोण गातो आहे, कोणत्या गावचा फड आहे, कोणत्या साली हे मुद्रण झाले, हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्या माहितीची नोंद करून घ्यावी. या दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात, त्या शिवाजी विद्यापीठाने या कामी विद्यार्थी आणि तंत्रज्ञान पुरवावे. १९६३ पासून सांगलीत असलेल्या आकाशवाणी केंद्राचा अनुभव येथे मोलाचा ठरेल. या खटाटोपाला लागणारा खर्च फार नाही. एक बऱ्या अवस्थेतील टेपरेकॉर्डर, एक संगणक आणि चिकाटीची चार माणसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. नक्कल मात्र पुराच्या रेषेबाहेर, दोन ठिकाणी ठेवली पाहिजे.

यंत्रे येतील आणि जातील. त्यांच्या जाहिराती हजाराचे लाख आणि लाखाचे कोटी करतील. त्या कोटींत कवलापूरच्या फडाचे एखादे गाणे असावे की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र कोणतीही कंपनी करणार नाही. ते ज्यांचे आहे, त्यांनीच ते टेप वाजते आहे तोवर केले पाहिजे.