धुऱ्यावरची शाळा

बडनेऱ्यात मुलांना रान दाखवायची गोष्ट निघाली, की घरातल्या मोठ्यांना आधी मेळघाट आठवतो. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला एक आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. तेव्हा ते साहजिकच. पण सफारीत पोरं जिप्सीत बसून राहतात. खाली उतरता येत नाही, मोठ्यानं बोलता येत नाही, आणि वाघ दिसला नाही तर चेहरे पाडून परततात. सात-आठ वर्षांच्या मुलाला हात लावता येईल असं रान हवं. ते शेवटच्या घरापलीकडे, पांदण सुरू होते तिथंच असतं.

जूनमधला पहिला चांगला पाऊस पडून गेला, की सकाळी वावराच्या धुऱ्यावर जावं. ओल्या काळ्या मातीवर लालभडक मखमली ठिपके चालताना दिसतात. हा मृगाचा किडा. वऱ्हाडात तो दिसला की पेरणीचे वेध लागतात, हे घरातली म्हातारी माणसं पोरांना सांगतातच. पण त्याला पानावर घेऊन पोरांना फक्त एक काम द्यावं: पाय मोजा. किडा पाय आखडून घेतो, मोजणी चुकते, भांडण होतं, पुन्हा मोजतात. शेवटी आकडा आठवर येऊन थांबतो. कीटकाला तर सहा पाय असतात! म्हणजे नावानं किडा असलेला हा जीव कीटक नाहीच. तो कोळी आणि विंचवाच्या गणगोतातला. वर्षाचा बराचसा काळ तो जमिनीत दडलेला असतो आणि पावसाच्या ओलीनं वर येतो. गंमत अशी, की त्याच्या अगदी लहान पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. एवढं कळायला जेमतेम अर्धा तास लागतो, आणि पोरं दहा पावलंसुद्धा पुढं सरकलेली नसतात.

निसर्गफेरी अशीच व्हायला हवी, सावकाश आणि थोडक्यात. शाळेच्या सहलींत बहुतेक वेळा उलटं घडतं. रांग चालत राहते, सर किंवा मॅडम झाडांची नावं सांगत पुढं जातात आणि पोरं ती वहीत उतरवून घेतात. नाव आयतं मिळालं की मुलाचं बघणं तिथंच थांबतं. आधी बघू द्यावं, विचारू द्यावं, चुकू द्यावं. नाव सगळ्यात शेवटी सांगितलं तरी चालतं.

मुलाचा प्रश्न मोठ्यांनी मनावर घेतला तर काय होतं, याचा दाखला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी पोराला वाटेला लावलं नाही. संस्थेतला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

शिकवणंच चालतं-फिरतं करण्याचा धाडसी प्रयोग तर मराठी मुलखातच झाला. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांसाठी काम केलं; १९४५ साली बोर्डीत सुरुवात झाली, पुढे ते कोसबाडला गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येऊ शकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. तिचं नाव कुरणशाळा. रानातल्या पाना-बिया-दगडांनाच तिथं शिकवण्याचं साहित्य मानलं गेलं. आजच्या ‘परिसर अभ्यास’च्या तासाला याहून चांगला आदर्श कुठून आणायचा?

पाऊस स्थिरावला की सुगरणीची घरटी बघायला निघावं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला ती हमखास लटकलेली असतात. एका जागी बसून पोरांना विचारावं, विणतंय कोण? पिवळ्या डोक्याचा नर. गवताची लांब पाती चिरून आणायची, गाठ मारायची, पुन्हा उडायचं, असं त्याचं चालतं. घरटं अर्धं झालं की मादी येऊन बघते. पसंत पडलं तर तो खालची नळी पुरी करतो. नाही तर ते अर्धंच लटकत राहतं. घरट्यात ओल्या मातीचे गोळेही लावलेले असतात. खाली पडलेलं जुनं घरटं सापडलं तर ते उलगडून बघायला द्यावं. झाडावरच्या घरट्याला मात्र कुणी हात लावायचा नाही, हे निघायच्या आधीच ठरलेलं बरं.

काही दिसलं नाही तरी कान असतातच. अमेरिकेतल्या जोसेफ कॉर्नेल यांचं मुलांसोबतच्या निसर्गखेळांचं पुस्तक १९७९ साली आलं, आणि त्यांच्या खेळांतला आवाजांचा नकाशा जगभर खेळला जातो. कागदाच्या मधोमध स्वतःसाठी फुली मारायची, डोळे मिटून बसायचं, आणि ज्या बाजूनं आवाज येईल तिकडं खूण करायची. बडनेऱ्याच्या पोरांच्या नकाशात टिटवी येईल, भारद्वाजाचा घुमणारा आवाज येईल, आणि जंक्शनवरच्या इंजिनाची शिटीही येईल. ती खोडू नये. गाडी गेल्यावर पाखरं किती वेळानं पुन्हा बोलू लागतात, हे तिच्यामुळेच मोजता येतं.

काळजी मात्र घ्यायलाच हवी. पायात बूट हवेत. बिळात, दगडाखाली हात घालायचा नाही, कारण नाग, घोणस, मण्यार या भागात आहेत. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत घर गाठावं. पोहरा-मालखेडच्या राखीव जंगलात बिबट्याचा वावर आहे; तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय आणि जाणत्या माणसाशिवाय मुलांना नेऊ नये. वडाळीच्या तलावाकाठी किंवा गावच्या धुऱ्यांवर लहान मुलांना पुरेल एवढं आहे.

हिवाळ्यात दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा; या दोहोंच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. याच सुमारास विदर्भातल्या तलावांवर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरू लागतात. मग फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. किमान पंधरा मिनिटं बघून दिसलेले पक्षी नोंदवायचे, एवढीच अट. जुन्या वस्तीतल्या एखाद्या कडुनिंबाखाली उभं राहून चौथीतल्या मुलीनं मोठ्यांच्या मदतीनं केलेली यादीही ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर शास्त्रज्ञांच्या यादीशेजारीच जमा होते.