परसातला पूल घेताना

जमिनीवर उभा करायचा, पोहण्यासाठीचा सात मीटर व्यासाचा गोल पूल १.२ मीटरपर्यंत भरला, की त्यात सुमारे ४६ हजार लिटर पाणी असतं. म्हणजे तब्बल ४६ टन! म्हणूनच अमेरिकेत घरामागे असे पूल बसवणारे जाणकार आधी जमीन बघतात. उंच बाजू खणून ती सपाट करायची. खोलगट बाजूला नुसता भराव टाकला, तर तो दबतो आणि पूल कलतो.

पोलादी भिंत भक्कम खरी, पण जस्ताचा मुलामा गेला की गंज धरतो. जुना पूल घेणाऱ्याने पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या चौकोनी तोंडाखाली बोट फिरवून बघावं. गॅस्केट झिजलं की पाणी तिथूनच झिरपतं. मग तिथल्या रंगाला फुगे येतात आणि नखाने खरवडलं की तांबूस पापुद्रे निघतात. मिठाने पोलाद लवकर गंजतं; म्हणून मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र लावायचं असेल, तर चौकट रेझिनचीच बरी.

न्यू जर्सीसारख्या थंड राज्यात हिवाळ्यातही पूल पूर्ण रिकामा करू नये. आतलं प्लास्टिकचं अस्तर आकसतं, भिंतीचा आधार जातो.

सगळ्यात मोठी काळजी लहान मुलांची. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत सुमारे ५० लाख पूल परत मागवले गेले. या पुलांच्या आधाराच्या पायांवरून बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पट्ट्यावर पाय ठेवून चिमुरडी वर चढत होती; नऊ मुलं दगावली. खरेदीआधी हा पट्टा नक्की तपासावा. शिडी काढून ठेवता येणारी हवी, आणि चारही बाजूंनी कुंपण हवंच.