अम्मींचे ताट वेगळे का?

आमचा भंडारा जिल्हा तलावांचा आणि भाताचा. भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ इथलाच. इथे कितीही पोळ्या खाल्ल्या तरी शेवटी भात आल्याशिवाय जेवण झाले असे वाटत नाही. म्हणूनच सासूबाईंना, आमच्या अम्मींना, मधुमेह निघाला तेव्हा घाबरून आम्ही सर्वांत आधी त्यांचा भात बंद केला. दोन कोरड्या पोळ्या, कारल्याची भाजी आणि दस्तरखानच्या कडेला वेगळे ताट.

पंधरा दिवसांनी रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला. अम्मी गार भातावर साखर घालून खात होत्या. मला पाहताच त्यांनी ताटली ओढणीआड लपवली. म्हणाल्या, "बेटा, चावल बगैर पेट नहीं भरता." आयुष्यभर सर्वांना वाढणाऱ्या बाईवर स्वतःच्याच घरात चोरून खाण्याची वेळ आली, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भात तोडायला नव्हे, मोजायला सांगितले. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ, अंडे, मासे किंवा कोंबडी, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा पोळी. भात घेतला तर पोळी कमी. आधी भाजी-डाळ खायची, भात शेवटी. असे केल्याने जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे अंगणात चालायचे.

यातले काहीच बाहेरून आणावे लागले नाही. तलावातली ताजी मासोळी तळण्याऐवजी कमी तेलाच्या रश्श्यात शिजवतो. पालक, चवळी, दोडके, वालाच्या शेंगा बाजारात मिळतातच. जेवणात जवसाची चटणी असते. सकाळच्या पोह्यांत पोहे निम्मे आणि मोड आलेली मटकी निम्मी. चहासोबतचे टोस्ट आणि खारी मैद्याची, म्हणून त्याऐवजी मूठभर फुटाणे. फळ हवे तर अख्खा पेरू, रस नको.

भगिनींनो, काही गैरसमज आपल्या घराघरांत आहेत. गूळ आणि मध नैसर्गिक म्हणून चालतात असे नाही. साखर त्यांनीही वाढते. पाणी काढलेल्या भातातही पिष्ट असतेच. ज्वारीची भाकर चांगली, पण तीसुद्धा मोजूनच. कारल्याचा रस गोळीची जागा घेऊ शकत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळ-मांस किती खायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उलट धोकाही लक्षात ठेवा. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर साखर फार खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम, गरगरणे ही त्याची लक्षणे. तपासणीत साखर ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

रमजानमध्ये तर ही काळजी अधिक हवी. रोजे ठेवण्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. सहरी चुकवू नये. इफ्तारला पाणी आणि एक-दोन खजुरा पुरेत. सरबत आणि भजी रोज नकोत. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा. आजारी माणसाला सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून जास्त. म्हणजे अम्मींसाठी जे योग्य, ते आमच्या मुलांसाठीही योग्यच. आता घरात सर्वांचे ताट सारखेच असते. तीन महिन्यांच्या तपासणीत अम्मींचा आकडा खाली आला, अल्हम्दुलिल्लाह. गोळ्या सुरूच आहेत. भाताची वाटी अम्मींच्याच हातात असते. त्या आधी सर्वांना मोजून वाढतात, मग स्वतःला घेतात.

आज रात्री आपल्या दस्तरखानवर एकदा नजर टाका. कुणाचे ताट कडेला तर नाही ना?