दाखला नंतर, आधी वर्ग

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, लहानगी मुलं, सगळंच बरोबर. कारखान्याजवळ खोपी उभ्या राहिल्यावर एखादी आई मुलाला घेऊन जवळच्या शाळेत जाते, तेव्हा तिच्या कानावर पडतं : ‘शाळा सोडल्याचा दाखला आणा.’ दाखला असतो मागे गावाकडच्या शाळेत. नाहीतर दुसरं उत्तर तयार असतं : ‘प्रवेश जूनमध्येच संपले.’

ही दोन्ही उत्तरं बेकायदा आहेत.

2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम 21-क आलं आणि 6 ते 14 वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क ठरलं. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याचं कलम 5 सांगतं, की दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. उलट दाखला देण्यात चालढकल करणाऱ्या मुख्याध्यापकावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम 14 प्रमाणे जन्माचा पुरावा नसला तरी मुलाला परत पाठवता येत नाही. कलम 15 नुसार मुदत उलटून गेल्यावरही प्रवेश द्यावाच लागतो. आधार कार्डाचंही तेच : शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं.

नऊ वर्षांची मुलगी कधीच शाळेत गेली नसेल, तर? तिला पहिलीत चिमुकल्यांच्या रांगेत बसवायचं नाही. वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा, असं कलम 4 म्हणतं. या कायद्यातलं हे सर्वांत समंजस कलम असावं.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. 2009 च्या कायद्याने सक्तीचा भार सरकारवर टाकला. मूल शाळेत येईल, टिकेल आणि आठवीपर्यंत शिकेल, हे पाहणं आता सरकारचं कर्तव्य आहे. हे पालकांपर्यंत पोहोचलेलंच नाही. म्हणून ती आई शाळेच्या दारात हात जोडून उभी राहते.

तिने खरं तर लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागावा. त्यानंतर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पण ऊसतोडीचा हंगामच मुळात पाच-सहा महिन्यांचा. त्यातले तीन तक्रारीत गेले, तर निकाल हातात पडेपर्यंत निम्मा हंगाम उलटून गेलेला असतो. त्यामुळे मुलाला आधी वर्गात बसवून कागद मागाहून मागवण्याचं काम मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी करायला हवं, आणि कायदा त्यांच्याकडून तेच मागतो.