तुरटीपासून गॅलियमपर्यंत

माझे बालपण सांवेरला, इंदूर-उज्जैन रस्त्यावरच्या गावी गेले. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की आजी हंड्यात तुरटीचा खडा फिरवी. तासाभरात गाळ तळाशी बसे आणि वरचे निवळ पाणी ती माठात भरी. द्रावणरसायनाचे हे माझे पहिले प्रात्यक्षिक! तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यात विरघळते. पण पाणी जवळजवळ उदासीन असल्याने त्याचे हायड्रॉक्साइड होऊन पुंजके बनतात व ते गाळासह खाली बसतात.

आवर्तसारणीत ॲल्युमिनियमच्या लगेच खाली गॅलियम आहे. मेंडेलीफने त्याचे गुणधर्म 1871 मध्ये आधीच सांगून ठेवले. 1875 मध्ये ते फ्रान्समध्ये सापडले. 29.8 अंश सेल्सिअसला ते वितळते. सांवेरच्या वैशाखात बाटलीतच पातळ होईल! एलईडी दिवे, रडार, उपग्रहांवरील सौरघट यांत त्याची संयुगे लागतात.

वाचकांना नवल वाटेल, पण भूकवचात गॅलियम शिशाइतके तरी आहेच. मात्र शिशाला स्वतःचे खनिज आहे, गॅलियम विखुरलेले. टनभर बॉक्साइटमध्ये ते साधारण 50 ग्रॅम असते.

मग ते गोळा कसे व्हावे? नोकरीनिमित्त मी बेळगावला आलो, तेव्हा उत्तर जवळच असल्याचे कळले. येथील ॲल्युमिना कारखान्यासारख्या ठिकाणी बॉक्साइट तप्त कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. तीव्र अल्कलीत ॲल्युमिनियम व गॅलियम दोन्ही ऋण आयन बनून द्रावणात येतात. द्रावण थंड करून त्यात हायड्रॉक्साइडचे बारीक कण टाकले की ॲल्युमिनियम खाली बसते. गॅलियम अधिक आम्लधर्मी असल्याने बहुतांशी द्रावणातच राहते. तेच द्रावण पुनःपुन्हा वापरतात, म्हणून प्रत्येक फेरीत गॅलियम साचत जाते. विशिष्ट रेझिनने ते वेचता येते.

ऑगस्ट 2023 पासून चीनने गॅलियमच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. जगातले बहुतेक नवे गॅलियम तेथेच तयार होते. त्याच वर्षी भारताने जाहीर केलेल्या 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत गॅलियमही आहे. बॉक्साइट आपल्याकडे मुबलक आहे. प्रश्न द्रावणातून वेचण्याचा आहे.

आज सांवेरच्या आमच्या ओसरीवर एलईडी दिवा आहे. त्यातले गॅलियम इतके अल्प की एकदा दिवा उकिरड्यावर गेला की ते परत मिळवणे कठीण. म्हणून ते साचते तेथेच धरले पाहिजे. खाली काय बसले याकडे आपण रसायनाचे विद्यार्थी नेहमी पाहतो. आजी मात्र वर काय राहिले तेच भरून घेई.