अंबाडा कुणी बांधला?

उरणजवळच्या करंज्याची कोळीण, वय पन्नाशीचं. चेहऱ्यावर काळसर डाग, पापण्या सुजलेल्या. पनवेलच्या एका दवाखान्यात ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणून मलम मिळालेलं. दिवसभर उन्हात मासळी विकणारी बाई. मीही तेच लिहून मोकळा होणार होतो. निवासी डॉक्टरला ओपीडीत एका पेशंटमागे चार मिनिटं मिळाली तरी चैन.

सरांनी केसपेपर बघितलाच नाही. “मावशी, अंबाडा झकास. कुणी बांधला?”

“सुनेनं. माजा हात वर जात नाय. दोन म्हयने झालं.”

मग सूनच बोलू लागली. टोपली डोक्यावर चढत नाही, रेवसच्या लाँचमध्ये हात धरून चढवावं लागतं, खाली बसल्या तर उठवावं लागतं. घरचे म्हणत, वय झालं.

सरांनी तिचे हात टेबलावर पालथे ठेवले. बोटांच्या नेमक्या सांध्यांवर जांभळट, चपट्या पुळ्या. पुस्तकांतल्या गोऱ्या पापण्या जांभळ्या दिसतात. आपल्या वर्णावर तोच रंग काळपट, वांगासारखा. रक्तात सीपीके हे स्नायूंमधलं एंझाइम कित्येक पट वाढलेलं. डर्मॅटोमायोसायटिस: प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर आणि स्नायूंवर उलटते.

स्टिरॉइड सुरू केलं आणि मी खूश. सर म्हणाले, “आता कॅन्सर शोध.”

या आजाराची आणि कॅन्सरची सांगड १९१६ पासून नोंदलेली आहे. गाठीविरुद्ध उठलेली प्रतिपिंडं कातडी-स्नायूंवरही घसरतात, असं मानतात. (‘दंगल’मधली सुहानी भटनागर २०२४ मध्ये याच आजारानं गेली, तेव्हा घाबरलेल्या आईबापांना मी सांगत होतो: मुलांमध्ये हा कॅन्सरचा धागा सहसा नसतो.)

एक्स-रे कोरा, सोनोग्राफी कोरी. मी फाइल मिटली. सरांनी ती उघडून पेन्सिलनं लिहिलं, ‘तीन महिन्यांनी पुन्हा.’ वर २००१ चा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास वाचायला लावला: स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडचे ६१८ रुग्ण, १९८ जणांना कॅन्सर, त्यातल्या ११५ जणांचा या आजाराच्या निदानानंतर उघडकीला आलेला.

दुसऱ्या खेपेला डाव्या अंडाशयात गाठ दिसली. लहान, न पसरलेली. टाटाला ऑपरेशन झालं.

वर्षभरानं ती सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली. अंबाडा एका बाजूला कलला होता. सरांनी विचारायच्या आत म्हणाली, “मीच बांधलाय!”

सुनेचा हात जास्त चांगला होता, हे मी बोललो नाही.